आरोग्य केंद्रातील आंतरवासी वैद्य आणि पर्यवेक्षकाची सही

दरवर्षी आपल्या जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत, ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांत आयुर्वेदाचे नवे आंतरवासी वैद्य रुजू होतात. हाती महाविद्यालयाचे पत्र असते, अंगावर नवा पांढरा कोट असतो आणि मनात थोडी उत्सुकता व बरीचशी धास्ती असते. काही महिन्यांनी ते परत जातात, तेव्हा त्यांच्या प्रमाणपत्रावर पर्यवेक्षक म्हणून आपल्यापैकी कुणाची तरी सही असते. ती सही नेमकी कशाची ग्वाही देते, असा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

मी दापोली तालुक्यातील मुरुड येथे वैद्यकव्यवसाय करतो. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे गाव. परीक्षेसाठी येथून साताऱ्यापर्यंत पायी गेलेल्या त्या विद्यार्थ्याची आठवण इथल्या माणसाला वेगळी करून द्यावी लागत नाही. मुरुडला स्थायिक होण्यापूर्वी सुमारे नऊ वर्षे मी जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात कंत्राटी वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केले. त्या काळात अनेक आंतरवासी वैद्य माझ्या हाताखाली राहून गेले. त्यांच्यापैकी पहिल्या काही तुकड्यांना मी फारसे काही शिकवले नाही, हे प्रारंभीच कबूल करतो. पुढे जे थोडेबहुत जमले, ते एका चुकीतून जमले. ती चूक आणि तिच्यातून निघालेली पद्धत वैद्यबंधू-भगिनींपुढे व औषधविक्रेत्यांपुढे ठेवावी, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

नियमाची अपेक्षा

आयुर्वेदाचार्य पदवीच्या साडेचार वर्षांच्या अभ्यासानंतर एक वर्षाची फिरती आंतरवासिता असते. केंद्रीय भारतीय चिकित्सा परिषदेच्या काळात या वर्षाचा काही भाग महाविद्यालयाच्या संलग्न रुग्णालयात आणि काही भाग शासकीय आरोग्यसंस्थेत घालवण्याची तरतूद होती. परिषदेची जागा २०२१ मध्ये राष्ट्रीय आयोगाने घेतली आणि २०२२ मध्ये नवे किमान मानक विनियम आले. त्यांतही शासकीय आरोग्यसंस्थेतील प्रशिक्षणाला स्थान आहे.

प्राथमिक आरोग्य केंद्रात आंतरवासी वैद्याने काय शिकावे, हेही नियमांत नमूद केलेले आढळते. केंद्राचा नित्यक्रम व नोंदवह्या समजून घ्याव्यात, ग्रामीण व दुर्गम भागातील रोग व त्यांचे व्यवस्थापन पाहावे, लसीकरणात व लोकशिक्षणात सहभागी व्हावे, वैद्यकीय व अन्य कर्मचाऱ्यांच्या सतत संपर्कात राहावे आणि राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमांत प्रत्यक्ष काम करावे, अशी ही अपेक्षा आहे. अपेक्षा उत्तमच आहे. मात्र हे सर्व त्याला कुणी, कोणत्या वेळी आणि कसे शिकवावे, याविषयी कागदावर फारसे काही नसते. तो भाग पर्यवेक्षकाच्या विवेकावर सोडलेला असतो.

हा प्रश्न केवळ आयुर्वेदाचा नाही. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ च्या अहवालात प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना मांडली, तेव्हाच समाजाभिमुख वैद्य घडावा म्हणून वैद्यकीय शिक्षणात तीन महिन्यांच्या प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाच्या प्रशिक्षणाची शिफारस केली होती. समुदाय विकास कार्यक्रमास १९५२ मध्ये आरंभ झाल्यानंतर ही केंद्रे प्रत्यक्षात येऊ लागली. पुढे श्रीवास्तव समितीच्या शिफारशींनंतर १९७७ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या पुनर्दिशांतराची योजना आली आणि प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाला तीन प्राथमिक आरोग्य केंद्रे जोडून देण्याचे ठरले. वाहने आली, विद्यार्थीही गावापर्यंत पोहोचले. पण गावात त्यांच्यासोबत बसून शिकवणारा माणूस मिळाला नाही, तेथे योजनेचे तेज ओसरत गेले.

याउलट सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचे उदाहरण पाहावे. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एका गावात पंधरा दिवस राहते आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपवलेली असतात. त्याच कुटुंबांकडे विद्यार्थी पुढेही जात राहतो. तेथे विद्यार्थ्याला नुसते ‘गाव’ दाखवले जात नाही. ठराविक घरे व ठराविक माणसे त्याच्या स्वाधीन केली जातात आणि त्याच्या कामाकडे पाहणारा शिक्षकही सोबत असतो. दोन अनुभवांतील भेद नेमका येथे आहे.

शास्त्राची दृष्टी

आपल्या संहिताकारांनी या विषयाचा विचार फार बारकाईने केलेला आहे. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानातील योग्यासूत्रीय अध्यायात शस्त्रकर्माचा सराव रुग्णावर न करता आधी कोहळा, भोपळा इत्यादी फळांवर करावा, असा क्रम सांगितला आहे. सर्व शास्त्र शिकलेल्या शिष्याकडूनही आचार्याने हा अभ्यास करवून घ्यावा, असे त्यांचे मत आहे. त्याच्या पुढचाच अध्याय विशिखानुप्रवेशनीय, म्हणजे वैद्याने व्यवसायात पाऊल कधी व कसे टाकावे, याविषयी आहे. शास्त्र पठण केलेला, त्याचा अर्थ जाणणारा, कर्म पाहिलेला, कर्म स्वतः केलेला आणि राजाची अनुज्ञा मिळालेला असा वैद्यच विशिखेत प्रवेश करण्यास योग्य मानला आहे. या दोन अध्यायांच्या मधली जागा म्हणजेच आजची आंतरवासिता होय.

चरकाचार्यांनी विमानस्थानात शिष्याच्या परीक्षेबरोबरच आचार्याचीही परीक्षा सांगितली आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. शिष्याने आचार्य पारखून निवडावा, असा तेथे संकेत आहे. आजच्या आंतरवासी वैद्याला ही निवड नसते. महाविद्यालय पाठवील तेथे त्याला जावे लागते. निवडीचा अधिकार त्याच्याकडे नसल्याने आपली जबाबदारी उलट वाढते.

याच विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात वायू, उदक, देश आणि काल या चार सर्वसामान्य भावांच्या विकृतीने एकाच वेळी अनेक जण रोगग्रस्त होतात, असा सिद्धान्त आहे. प्रत्येकाची प्रकृती, आहार, बल, वय भिन्न असूनही एकच रोग अनेकांना का होतो, या अग्निवेशाच्या प्रश्नाला दिलेले ते उत्तर आहे. सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास म्हणजे दुसरे काय? महाविद्यालयात हा अध्याय आंतरवासी वैद्याने परीक्षेपुरता पाठ केलेला असतो. आरोग्य केंद्राच्या नोंदवहीत तो रोज नव्याने लिहिला जात असतो. हे त्याला दाखवणारे कुणी भेटले, तरच दोन्हींची गाठ पडते.

एका टिपणवहीची गोष्ट

२०१४ च्या भाद्रपदातील प्रसंग आहे. गणपती विसर्जन होऊन गावे पुन्हा कामाला लागली होती. केंद्रातील बाह्यरुग्ण विभागात रोज ज्वराच्या रुग्णांची रांग असे. माझ्याकडे त्या वेळी दोन आंतरवासी वैद्य होते. त्यांपैकी एक अबोल होता. रुग्ण तपासताना तो स्वतःच्या टिपणवहीत काही ना काही लिहीत असे. एके दिवशी भर गर्दीत त्याने मला एक शंका विचारली. मी कामाच्या ओढीत होतो. रुग्णांसमोरच त्याला म्हणालो, “हे द्वितीय वर्षाला शिकवलेलं असतं. आधी वाचून या.” तो गप्प बसला. मीही ते लगेच विसरलो.

दुसऱ्या दिवशी चाळिशीचा एक शेतकरी आला. दोन दिवस ज्वर, डोकेदुखी, सर्वांग ठणकणे अशी तक्रार होती. आंतरवासी वैद्याने प्राथमिक तपासणी केली आणि रुग्णपत्रकावर ‘ज्वर, अंगमर्द, शिरःशूल’ असे लिहून पत्रक माझ्याकडे दिले. मी नाडी पाहिली, जीभ पाहिली, दोन प्रश्न विचारले आणि ज्वराची नेहमीची औषधे लिहून दिली. बाहेर अजून साठ-सत्तर माणसे थांबली होती.

चौथ्या दिवशी त्याला घरच्यांनी रिक्षात घालून आणले. डोळे पिवळे झाले होते आणि आदल्या रात्रीपासून लघवी जवळजवळ बंद होती. त्याला तत्काळ मोठ्या रुग्णालयात पाठवले. तेथे लेप्टोस्पायरोसिसचे निदान झाले आणि रक्तशुद्धीकरण करावे लागले. तो वाचला, ही ईश्वराची कृपा. पण घरी परतायला त्याला तीन आठवडे लागले. त्या वर्षीचे भात भाऊबंदांनी कापून दिले आणि उपचाराच्या खर्चापायी गोठ्यातील दोन जनावरे विकावी लागली.

यातील माझा दोष मला कळला, तो मात्र महिन्याभराने. आंतरवासितेचा कालावधी संपल्यावर तो अबोल मुलगा सहीसाठी आला. प्रमाणपत्राबरोबर नियमाप्रमाणे टिपणवहीही पुढे ठेवली. इतक्या दिवसांत ती मी एकदाही उघडली नव्हती. सही करता करता सहज पाने चाळली आणि त्या शेतकऱ्याच्या नोंदीवर थांबलो. रुग्णपत्रकावर जे नव्हते ते सर्व तेथे होते. ‘पिंडिकोद्वेष्टन अत्यधिक, पोटऱ्या दाबू देत नाही. नेत्र आरक्त. डाव्या पायाला भेगा, जखम. आठ-दहा दिवस भातखाचरात पाण्यात काम. वातज ज्वर?’ शेवटी प्रश्नचिन्ह होते.

मी त्याला विचारले, “हे मला त्या दिवशी का नाही सांगितलंत?”

तो म्हणाला, “सर, पिंडिकोद्वेष्टन वातज ज्वरात येतं, असं वाचलं होतं. तरी शंका होती. पण आदल्या दिवशीच आपण वाचून या म्हणाला होतात.”

यावर मला काही उत्तर सुचले नाही. त्या मुलाने लक्षण अचूक पाहिले होते, त्याला शास्त्रातील योग्य संज्ञा दिली होती आणि व्याधीचे कारणही शेजारी लिहिले होते. त्याला जोडता आली नव्हती ती फक्त देश आणि काल यांची गाठ. कोकणात पावसाळ्याच्या उत्तरार्धात, साचलेल्या पाण्यात काम केलेल्या माणसाला ज्वर, पोटऱ्यांत तीव्र वेदना आणि लाल डोळे अशी लक्षणे दिसली, तर लेप्टोचा विचार सर्वप्रथम करावयाचा असतो. उंदीर, गुरे, कुत्री यांच्या मूत्रातून हे जिवाणू पाण्यात व चिखलात मिसळतात आणि त्वचेवरील भेगांतून, जखमांतून शरीरात शिरतात. साधारणतः एक-दोन आठवड्यांत ज्वर येतो. आरंभीच्या दिवसांत योग्य प्रतिजैविक मिळाल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात. विलंब झाल्यास यकृत व वृक्क यांवर आघात होऊ शकतो. हे मला ठाऊक होते. जे ठाऊक असणाऱ्याने पाहिले नाही, ते पाहणाऱ्याला ठाऊक नव्हते. या दोघांत अंतर होते ते केवळ एका टेबलाचे. पर्यवेक्षण म्हणजे हे अंतर रोजच्या रोज मिटवणे.

टिपणवहीचे मोल कळावे म्हणून आपल्या शेजारच्या महाड परिसराकडे पाहावे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे सत्तरच्या दशकात बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. विंचूदंशाने माणसे दगावत होती. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून प्रत्येकाची लक्षणे क्रमाने टिपली. मृत्यू हृदय व फुप्फुसांवरील परिणामांमुळे येतो, हे त्यांतून स्पष्ट झाले आणि पुढे प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध झाला. सुमारे ४० टक्क्यांच्या घरात असलेले मृत्यूचे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या कामाचा आरंभ कोणत्याही मोठ्या प्रयोगशाळेत झाला नाही; एका आरोग्य केंद्रातील नोंदींपासून तो झाला.

पर्यवेक्षणाची पद्धत

त्या प्रसंगानंतर मी काही नियम स्वतःला घालून घेतले. त्यांत नवीन असे काही नाही. खर्चही काही नाही. ते क्रमाने देतो.

१) पहिला दिवस परिचयाचा. रुजू झाल्याच्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात बसवू नये. केंद्राच्या कार्यक्षेत्राचा नकाशा समोर ठेवून उपकेंद्रे, वाड्या, पाण्याचे स्रोत, पावसाळ्यात संपर्क तुटणारे रस्ते दाखवावेत. सपाट प्रदेशात ३० हजार आणि डोंगरी वा आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असे शासकीय परिमाण आहे. आपल्या वाट्याची ही माणसे कुठे राहतात, हे आधी कळावे. त्यानंतर आरोग्यसेविका, आरोग्यसेवक, औषधनिर्माता, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, आशा या सर्वांशी नावानिशी ओळख करून द्यावी आणि “यांच्याकडूनही तुम्हाला शिकायचं आहे” असे त्यांच्यासमोर सांगावे. वीस वर्षे सेवेत असलेल्या आरोग्यसेविकेला कालचा पदवीधर मान देतो की नाही, यावर त्याचे पुढचे शिक्षण बरेचसे अवलंबून असते.

२) दर आठवड्याला एक निश्चित काम. ‘सगळे पाहा’ असे सांगितले की काहीच पाहिले जात नाही. एका आठवड्यात लसीकरण सत्र व शीतसाखळी, दुसऱ्यात क्षयरोग कार्यक्रम, तिसऱ्यात पाण्याचे नमुने व साथरोग सर्वेक्षण, चौथ्यात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाबरोबर अंगणवाडी व शाळा, असे वाटप करावे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि तिच्या पथकांत आयुष वैद्यच असतात. आपल्याच पदवीची माणसे हे काम करताना पाहिली की आंतरवासी वैद्याला त्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. २०१८ नंतर उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी म्हणूनही अनेक आयुर्वेद पदवीधर नियुक्त झाले आहेत. म्हणजे आज जे काम तो पाहतो, ते उद्या त्याचे चरितार्थाचे काम असू शकते.

३) रोज पंधरा मिनिटे टिपणवहीसाठी. बाह्यरुग्ण विभाग आटोपल्यावर, जेवणापूर्वी, दार लोटून बसावे. आंतरवासी वैद्याने त्या दिवशीचे दोन रुग्ण मांडावेत. निदानपंचकाच्या क्रमाने मांडण्यास सांगावे; म्हणजे हेतू सुटत नाही. त्यापुढे मी चार प्रश्नांची भर घातली : हा माणूस कुठून आला? काय काम करतो? पाणी कुठले पितो? याच्या घरी वा वाडीत असाच रुग्ण आणखी कुणी आहे का? वायू, उदक, देश, काल यांचेच हे घरगुती रूप आहे. पर्यवेक्षकाने वहीत तारखेसह सही त्याच वेळी करावी. महिन्याअखेर एकदम केलेल्या तीस सह्यांना काही अर्थ नसतो.

४) शंकेला मान. विचारलेली शंका कितीही प्राथमिक असो, रुग्णासमोर अवमान करू नये. वेळ नसेल तर “लिहून ठेवा, दुपारी पाहू” एवढेच म्हणावे आणि दुपारी खरोखर पाहावे. चूक दाखवायची ती एकांतात. कौतुक करायचे ते चारचौघांत.

५) मर्यादा आधीच स्पष्ट. आंतरवासी वैद्याची नोंदणी अस्थायी असते आणि त्याचे सर्व काम पर्यवेक्षकाच्या जबाबदारीवर चालते. म्हणून त्याने एकट्याने काय करू नये, याची यादी पहिल्याच दिवशी लेखी द्यावी. माझ्या यादीत पाच गोष्टी होत्या : स्वतःच्या सहीने औषधपत्र वा कोणतेही प्रमाणपत्र न देणे, सर्प व विंचूदंश, विषबाधा, गर्भिणी व नवजात बालक यांविषयी तत्काळ कळवणे, वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणात हात न घालणे, रात्री एकट्याने केंद्र न सांभाळणे, आणि रुग्ण परत पाठवण्यापूर्वी मनात शंका असेल तर त्याला थांबवून ठेवणे. पाचवी गोष्ट वर सांगितलेल्या प्रसंगानंतर आली. आंतरवासी वैद्याची शंका फिटेपर्यंत रुग्ण बाकावर बसून राहील, मग मागे कितीही रांग असो.

६) अखेरीस एक लहान टिपण. कालावधी संपताना प्रत्येकाने कार्यक्षेत्रातील एका प्रश्नावर दोन पानांचे टिपण लिहून कर्मचाऱ्यांच्या मासिक सभेत वाचावे. एका विद्यार्थिनीने वाडीतील विहिरींच्या शुद्धीकरणाच्या नोंदी व अतिसाराच्या रुग्णांच्या तारखा शेजारी मांडल्या. दुसऱ्याने लेप्टोसाठी दिलेल्या प्रतिबंधक गोळ्या लोक प्रत्यक्षात घेतात की देव्हाऱ्याशेजारी ठेवून देतात, याची घरोघरी विचारपूस केली. ही संशोधने नव्हेत. पण आपण लिहिलेले कुणी ऐकते, ही जाणीव त्यांतून झाली आणि केंद्रालाही त्याचा उपयोग झाला.

खाजगी वैद्य व औषधविक्रेते यांचा वाटा

हे सर्व शासकीय केंद्रातील अधिकाऱ्यांचे काम, आपला त्याच्याशी काय संबंध, असे काही वाचकांच्या मनात येईल. परंतु गावातील ज्वराचा, खोकल्याचा, अतिसाराचा रुग्ण प्रथम कुठे जातो? बहुधा आपल्या दवाखान्यात, किंवा त्याही आधी औषधाच्या दुकानात. आरोग्य केंद्राच्या वहीत न दिसणारा रुग्ण आपल्या गल्ल्यासमोर उभा असतो. म्हणून केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून आंतरवासी वैद्याला एखादा दिवस आपल्याकडे बोलवावे, अशी माझी विनंती आहे.

औषधविक्रेत्यांनी त्याला तीन गोष्टी दाखवाव्यात. पहिली, वेष्टनाचे वाचन. परवाना क्रमांक, समूह क्रमांक, घटकद्रव्ये, उत्पादनाची व मुदत संपण्याची तारीख या गोष्टी वाचण्याची सवय महाविद्यालयात क्वचितच लागते. वत्सनाभ, भल्लातक, जयपाल, विषमुष्टी, धत्तूर, पारद अशी द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या नियमांतील अनुसूची ‘ई-१’ मध्ये येतात आणि ती असलेल्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याविषयीची सूचना असणे आवश्यक असते. ती सूचना ग्राहक वाचतो का, हे त्याने स्वतः पाहावे. दुसरी, वैद्याच्या चिठ्ठीवाचून होणारी विक्री. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असलेला माणूस तिसऱ्यांदा कासाचे औषध न्यायला येतो, तेव्हा त्याला थुंकीच्या तपासणीला पाठवणे हे शिक्षण दुकानातच होऊ शकते. क्षयरुग्णाची नोंद शासनाला कळवणे २०१२ पासून खाजगी वैद्यांनाही बंधनकारक आहे आणि मार्च २०१८ च्या अधिसूचनेने क्षयाची औषधे देणारे औषधविक्रेतेही त्या कक्षेत आले. आपल्यापैकी बहुतेकांच्या दुकानात ती औषधे नसतात. पण तो रुग्ण असतो. तिसरी, औषधाच्या अनिष्ट परिणामाची नोंद. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानात आयुष औषधांच्या सुरक्षानिरीक्षणाचे राष्ट्रीय समन्वय केंद्र आहे आणि त्यासाठी ठराविक नमुन्यात माहिती कळवता येते. अशी माहिती दिल्याने आयुर्वेदाची बदनामी होते, हा समज सोडून द्यावा. न नोंदवलेला दोष कुणाच्याच ध्यानात येत नाही आणि तो सुधारलाही जात नाही.

काही खऱ्या अडचणी

व्यवहारातील अडचणींकडे डोळेझाक करून चालणार नाही. अनेक आंतरवासी वैद्यांचे लक्ष पदव्युत्तर प्रवेश परीक्षेकडे लागलेले असते. २०१७ पासून ती अखिल भारतीय पातळीवर होते आणि तिची धास्ती मोठी आहे. काहींना घरच्या परिस्थितीमुळे खाजगी रुग्णालयात रात्रपाळी करावी लागते. काही जण केवळ हजेरीपुरते येतात आणि आपणही ‘मुलांचे नुकसान नको’ म्हणून सही करतो. यात दया आहे, पण ती अस्थानी आहे. माझा अनुभव असा की, पहिल्याच दिवशी वेळेविषयी स्पष्ट बोलणे झाले, अभ्यासासाठी दुपारनंतरचे तास मोकळे ठेवले आणि सकाळचे तास मात्र काटेकोर पाळण्यास सांगितले, तर बहुतेक मुले तो शब्द पाळतात. त्यांना टाळावेसे वाटते ते निरर्थक बसून राहणे. काम असले आणि त्याकडे पाहणारे कुणी असले की ती येतात.

दुसरी अडचण आपलीच आहे. वैद्यकीय अधिकाऱ्यावर सभा, अहवाल, ऑनलाइन नोंदी, शिबिरे यांचा भार असतो आणि पर्यवेक्षणासाठी वेगळा वेळ वा मानधन नसते. ही तक्रार रास्त आहे. महाविद्यालयातील शिक्षकाने महिन्यातून निदान एकदा केंद्रावर येऊन टिपणवह्या पाहाव्यात, अशी मागणी आपल्या संघटनेने लावून धरण्यासारखी आहे. पण ती मान्य होईपर्यंत पंधरा मिनिटे काढणे आपल्या हातात आहे. ज्या दिवशी तीही निघत नाहीत, त्या दिवशी वहीवर सही करू नये, इतके पथ्य तरी पाळावे.

उपसंहार

तो अबोल विद्यार्थी आज दुसऱ्या जिल्ह्यात वैद्यकीय अधिकारी आहे. गेल्या पावसाळ्यात त्याचा दूरध्वनी आला. त्याच्याकडील एका आंतरवासी विद्यार्थिनीने खाचरात काम केलेल्या एका ज्वररुग्णाला बाकावर थांबवून ठेवले होते. पोटऱ्यांविषयी शंका आली म्हणून ती रांग ओलांडून त्याच्याकडे आली. रुग्णाला वेळेवर औषध मिळाले व तो आठवड्याभरात कामाला लागला. “तिची वही मी रोज बघतो, सर,” एवढेच तो म्हणाला. त्या जुन्या प्रसंगाचा त्याने उल्लेख केला नाही आणि मलाही तो करावासा वाटला नाही.

पावसाळा दरवर्षी येतो, आंतरवासी वैद्यही दरवर्षी येतात. त्यांच्या प्रमाणपत्रावर सही करण्यापूर्वी त्यांची टिपणवही एकदा उघडून वाचावी, एवढी विनंती करून हा लेख पूर्ण करतो. इत्यलम्.